रात्री बर्फ गोठला होता का? : वसंतातील हिमस्खलनाविषयी

आज इथे जमलेल्यांपैकी बरेच जण एप्रिल-मे महिन्यांत हिमाचल किंवा उत्तराखंडमधल्या एखाद्या खिंडीवर जाणार आहेत, म्हणून कडक हिवाळ्यातल्या हिमस्खलनाविषयी मी थोडेच बोलणार आहे. हिवाळ्यातला नियम तुलनेने सोपा असतो: मोठी बर्फवृष्टी झाली किंवा वाऱ्याने बर्फ उडवून उताराच्या आडोशाला साठवला, की काही दिवस अशा उतारांपासून लांब राहायचे. वसंतात हा हिशेब दिवसांवरून तासांवर येतो. पहाटे पाच वाजता बुटाखाली करकरणारा घट्ट उतार दुपारी एक वाजता सुटून खाली येऊ शकतो, आणि या मधल्या वेळात आकाश निळेभोर, हवा उबदार आणि सगळे जण खुशीत असतात. आपल्याकडच्या ट्रेकरची खरी अडचण मला इथेच दिसते, कारण ‘हवा चांगली आहे’ हे ठरवण्याची त्याची सवय मैदानातली आहे.

हिमाच्या थरात काय घडते ते आधी पाहू. हिवाळाभर साठलेला थर आतून शून्य अंशाच्या खाली असतो. ऊन तापू लागले की पृष्ठभाग वितळतो आणि पाणी खाली झिरपते; पण खालचे हिम थंड असल्यामुळे ते थोड्याच अंतरावर पुन्हा गोठते आणि गोठताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडते. वरचा भाग खालच्या भागाला असा रोज थोडा थोडा तापवत जातो, आणि मग एक दिवस असा येतो की जमिनीपर्यंतचा सगळा थर शून्य अंशावर पोहोचतो. त्यानंतर झिरपणाऱ्या पाण्याला वाटेत गोठवणारे काही उरत नाही. ते एखाद्या जुन्या कठीण पापुद्र्यावर, गुळगुळीत खडकावर किंवा गवतावर जाऊन साचते आणि त्यावरच्या थराची पकड सुटते. चौपाटीवर वाळूचा किल्ला केलेल्या कोणालाही ठाऊक असते, की किंचित ओली वाळू घट्ट धरून राहते आणि पाणी जास्त झाले की तीच ओघळते. हिमकणांचे वागणे याहून फारसे वेगळे नाही. म्हणूनच मोसमातली उन्हाची पहिली मोठी लाट सर्वांत धोक्याची. पुढे पाण्याने स्वतःच्या वाटा करून घेतल्या आणि कण भरड झाले, की तोच उतार तितक्याच उन्हात बराच शांत राहतो. अर्थात तोही रात्री नीट गोठत असेल तर.

ती रात्र महत्त्वाची आहे. निरभ्र रात्री हिमाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो, आणि हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरी गोठू शकतो. ढगाळ रात्री ढग त्या उष्णतेचा मोठा भाग खाली परतवतात आणि गोठण्याचे काम अर्धवट राहते. तंबूत कुडकुडत काढलेली रात्र ही त्यामुळे चांगली बातमी असते, आणि ‘काल मस्त झोप लागली, थंडी फार नव्हती’ असे सगळे म्हणू लागले की म्होरक्याने सावध व्हावे. रात्री पाऊस पडला असेल तर वादच नको. त्या दिवशी उताराखाली जाऊ नये. एरवी पहाटे छावणीबाहेर पडून बूट आपटून पाहावा. पापुद्रा पूर्ण वजन पेलत असेल तर हातात काही तास आहेत. घोट्यापर्यंत पाय आत जात असेल तर फारच थोडे.

ऊन कोणत्या बाजूला आधी पोहोचते, हा पुढचा प्रश्न. पूर्वेकडचे उतार सकाळीच तापू लागतात, मग दक्षिणेकडचे, दुपारनंतर पश्चिमेकडचे. उत्तरेकडचे उतार उशिरापर्यंत थंड राहतात, असे युरोपातल्या अनुभवावर आधारलेली पुस्तके सांगतात. ते तिथे बरोबर आहे. मात्र हिमालय आल्प्सच्या बराच दक्षिणेला आहे. एप्रिलच्या मध्यावर आल्प्समधल्या शामोनी इथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५४ अंशांवर असतो, तर मनालीला सुमारे ६८ अंशांवर. पस्तीस अंशांच्या उत्तर उतारावरही आपल्याकडे बऱ्यापैकी ऊन पडते, त्यामुळे ‘उत्तरेकडची बाजू आहे, दुपारी चालेल’ या वाक्यावर मी विसंबणार नाही. त्यातच जुने, ओले, धुळीने मळलेले हिम ताज्या हिमापेक्षा कितीतरी जास्त ऊन शोषते.

उतार स्वतःही इशारे देतो. खडकांच्या आसपासून हिमाचे छोटे गोळे आपोआप गडगडत येऊ लागले, गुंडाळ्या होत मोठे होऊ लागले, पाय नडगीपर्यंत रुतू लागला, किंवा धारेवर वाऱ्याने बनलेल्या हिमछज्जातून पाणी ठिबकू लागले, तर वेळ संपत आली असे समजावे. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, पण आपण सपाटीवर आहोत हा दिलासा अपुरा आहे, कारण प्रश्न डोक्यावरच्या उताराचा असतो. सह्याद्रीत नाळ उतरताना वरून दगड येईल का, हे आपण न सांगता पाहतो. हिमालयातल्या हिमाने भरलेल्या नाल्याकडेही तसेच पाहायला हवे. ओले हिमस्खलन कोरड्या हिमस्खलनापेक्षा संथ असते, पण ते फार जड असते आणि नाल्याच्या वळणांतून वाहत येते. थांबताच ते इतके आवळते की गाडल्या गेलेल्या माणसाला हातही हलवता येत नाही, आणि पहिली काही मिनिटे उलटली की वाचण्याची शक्यता झपाट्याने घसरते. गाडलेल्याचा ठाव लावणारे शोधयंत्र, हिमात खुपसून पाहायची लांब काठी म्हणजे प्रोब, आणि फावडे या तीन वस्तू आपल्या ट्रेकच्या याद्यांत सहसा नसतात, तेव्हा सुटकेच्या आशेवर आखणी करण्यात अर्थ नाही.

एप्रिलमध्ये काय होऊ शकते याची दोन उदाहरणे देतो. दोन्ही केवळ उन्हामुळे घडली असा माझा दावा नाही. २३ एप्रिल २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात सुमना इथे सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांच्या छावण्यांवर हिमस्खलन कोसळले. त्याआधी पाच दिवस तिथे पाऊस आणि बर्फ पडत होता. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुला मार्गावर हिमस्खलनात सात पर्यटक दगावले. यांपैकी कोणीही शिखर चढत नव्हते.

हिमस्खलनाचा अंदाज देण्याचे काम संरक्षण संशोधन संस्थेची चंडीगढची डीजीआरई ही प्रयोगशाळा करते. मनालीची जुनी हिमस्खलन अभ्यास संस्था ‘सासे’ २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. तिची सूचना जरूर पाहावी, मात्र ती सहसा जिल्हा आणि उंची यांच्या पातळीवर बोलते, तुमच्या नाल्याविषयी बोलत नाही. तो निर्णय तिथेच घ्यावा लागतो, आणि तो घेण्यातली सर्वांत मोठी अडचण मला परतीच्या रेल्वे आरक्षणाची वाटते. आयोजकाला पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: शिखराच्या दिवशी छावणीतून किती वाजता निघता, किती वाजता जिथे असाल तिथून परत फिरता, आणि कार्यक्रमात राखीव दिवस आहे का? ‘सकाळी नाश्ता करून सातला निघू’ असे उत्तर एप्रिलसाठी आले, तर दुसरा आयोजक शोधा.

राहिला प्रश्न तंबूच्या जागेचा. देवदाराच्या किंवा भूर्जाच्या जंगलात मधेच झाडांचा सरळ पट्टा नाहीसा झालेला असेल, झुडपांची खोडे उताराच्या दिशेने वाकलेली असतील, मोडक्या फांद्या आणि माती मिसळलेल्या हिमाचा ढीग पायथ्याशी पडलेला असेल, तर तो मार्ग हिमस्खलनाचा आहे. अशी सपाट, मोकळी, पाण्याजवळची जागा तंबूंसाठी फार सोयीची दिसते. तिथे तंबू न लावता कडेच्या उंचवट्यावर लावा, आणि पाणी पहाटेच, उतार गोठलेला असताना, भरून आणा.