जुहूला निघण्याआधी तिथी पाहा

धामणगाव, पुलगाव, बडनेरा. सोयाबीन घरात आलं, दिवाळी आटोपली, की या स्टेशनांवरून कितीतरी कुटुंबं मुंबईची गाडी धरतात. काय काय पाहायचं, याच्या यादीत जुहूचा समुद्र असतोच. दिवस मात्र आरक्षण मिळेल तसा ठरतो. आमचं सांगणं एवढंच, की तिकीट काढण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहा.

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. एका भरतीनंतर दुसरी साधारण साडेबारा तासांनी येते, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. ही सगळी चंद्राची ओढ, त्यामुळे तिथीवरून अंदाज बांधता येतो. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास असते, तर पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहा-सातला. हे उधाणाचे दिवस. पाणी खूप वर येतं आणि तितकंच दूर जातं. अष्टमीच्या आसपास चित्र उलटं: भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास, ओहोटी दुपारी, आणि चढउतारही कमी. तासाभराचा फरक पडतो, म्हणून त्या दिवसाची नेमकी वेळ मोबाइलवर पाहून घ्या.

याचा उपयोग असा. नागपूरहून संध्याकाळी सुटणारी विदर्भ एक्सप्रेस सकाळी मुंबईत पोहोचते, आणि परतीची संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते. सूर्यास्त पाहून ती मिळत नाही. डिसेंबरातही जुहूला सूर्य सहानंतर मावळतो, नागपूरपेक्षा वीस ते तीस मिनिटं उशिरा. त्याच दिवशी परतायचं असेल तर अष्टमीच्या आसपास जा. सकाळी नऊ-दहाला पाणी उतरत असतं. मुक्काम असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या धरा. त्या संध्याकाळी ओली, घट्ट वाळू दूरवर उघडी पडते, म्हाताऱ्या माणसांनाही तिच्यावरून सहज चालता येतं. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि गुडघे दुखतात.

दादरला उतरा, पुलावरून पश्चिम रेल्वेच्या बाजूला या आणि स्लो लोकल पकडून विलेपार्ल्याला उतरा. फास्ट गाड्या तिथे सहसा थांबत नाहीत. पश्चिमेला बाहेर पडलं की रिक्षा मिळते. सामान रेल्वेच्या क्लोकरूममध्ये ठेवायचं तर बॅगेला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट जवळ हवं.

आता पाण्याबद्दल. गावच्या विहिरीत, धरणात पोहणाऱ्या पोराला वाटतं, समुद्रही तसाच. तिथेच घात होतो. नदी एकाच दिशेला ओढते. इथे लाट आधी किनाऱ्याकडे ढकलते, मग परत जाताना पायाखालची वाळू काढून नेते. म्हणून पाठ समुद्राकडे करून फोटो काढू नका. गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नका. नऊवारी किंवा साडी ओली झाली की जड होऊन पायात अडकते. आजीचा हात कुणीतरी धरायलाच हवा.

लाटांनी आणलेलं पाणी परत जाताना कधीकधी एखाद्या खोलगट पट्ट्यात एकवटतं आणि जोरात आत वाहतं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी गढूळ दिसतं, आणि नवख्या माणसाला नेमकी तीच जागा शांत वाटते. त्यात सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो, दमतो आणि बुडतो. अशा वेळी प्रवाहाशी झुंजू नये. उताणं तरंगावं, हात वर करावा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर यावं आणि मगच किनाऱ्याकडे वळावं. वाचवायला मागून उडी घेऊ नका. जीवरक्षकाला हाक मारा, झाकण लावलेली रिकामी कॅन फेका. लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊलसुद्धा टाकू नका.

आपल्याकडचं ऊन कोरडं असतं, घाम लगेच सुकतो. मुंबईच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही, म्हणून पारा कमी असूनही गळून जायला होतं. पाण्याची बाटली आणि लिंबू-मीठ-साखर सोबत ठेवा. लहान लेकराच्या खिशात घरच्यांच्या फोन नंबरची चिठ्ठी हवी. रविवारच्या गर्दीत हात सुटायला वेळ लागत नाही.

पावसाळ्यात जाऊच नका. भरती साडेचार मीटरच्या वर जाते, आणि निळे, फुग्यासारखे विषारी जीव वाळूवर येऊन पडतात. मेलेले असले तरी त्यांचे दोरे डंख मारतात. डंख झालाच तर चोळू नका. दोरे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं धरा. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच दवाखाना गाठा.