कॅमेऱ्यावरचा स्टिकर

[पडदा काळा. लोखंडी फाटक सरकल्याचा आवाज.]

गेटवरच्या वॉचमननं आमचा कॅमेरा ठेवून घेतला. मोबाइल परत दिले, पण प्रत्येकाच्या पुढच्या-मागच्या कॅमेऱ्यावर लाल गोल स्टिकर चिकटवून. रजिस्टरात नाव, गाव, येण्याचं कारण. कारणाच्या रकान्यात आमच्यातल्या एकानं लिहिलं, 'गोपनीयतेवर शूटिंग'. वॉचमननं ते वाचलं, आमच्याकडं पाहिलं आणि त्याचा स्टिकर अंगठ्यानं आणखी एकदा दाबून बसवला.

तेव्हा या चित्रफितीत तुम्हाला एकही पूर्ण ड्रॉइंग दिसणार नाही. कास्टिंगवरचे, म्हणजे ओतीव सुट्या भागांवरचे, नंबर पुसट केलेत. काही माणसांचे फक्त हात दिसतील.

[उद्यमबाग. अरुंद रस्ता, टेम्पोत भरलेली कास्टिंग.]

बेळगावात खानापूर रोडनं तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढं गेलं की उद्यमबाग लागते. फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक सिलिंडर, पंप, व्हॉल्व्ह. पुढं मच्छे, पलीकडं होनगा. हत्तरगीला तर विमानांचे सुटे भाग होतात. मोठ्या कारखान्यांच्या गेटवर स्टिकर असतो, कार्ड असतं. आम्हाला बघायची होती ती मधली गल्ली, जिथं गेटच नाही.

हे चार मशीनचं शेड. मालक, त्याचा धाकटा भाऊ आणि तीन पोरं. जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांचे भाग मजुरीवर करून द्यायचे. सकाळी एका कंपनीच्या व्हॉल्व्ह बॉडी लागतात, जेवणानंतर त्याच कंपनीशी टक्कर असलेल्या दुसरीच्या. दोघांची ड्रॉइंग एकाच खिळ्याला अडकवलेली. दोन्हींच्या कोपऱ्यात इंग्रजीत जवळपास एकच मजकूर: हे ड्रॉइंग आमच्या मालकीचं, लेखी परवानगीशिवाय नक्कल करू नये, कुणाला दाखवू नये. मशीनवरचा पोरगा खानापूरकडचा, मराठी. सुपरवायझर कन्नड. गोपनीयतेचा करार पाच पानी, इंग्रजी. तो कसा सही झाला, हे पोरानं एका वाक्यात सांगितलं: "हितं सही कर म्हणाले, केलो."

वाचलास का?

"वाचून काय करायचं की, सर. बाहेर बोलायचं नाही, एवढंच की."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं ते पुन्हा येणार आहे, दुसऱ्याच तोंडून.

[पॅटर्न शॉप. लाकडाचा भुसा. म्हाताऱ्या हातात स्टीलची पट्टी.]

या हातांना गल्लीत सगळे मामा म्हणतात. पॅटर्न करतात. कास्टिंगच्या आकाराचा हा लाकडी नमुना वाळूत दाबायचा, मग उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. मामांच्या हातातली पट्टी नीट बघा. ती खोटी आहे. म्हणजे तिच्यावर 1000 मिलिमीटर मोजलेत, पण आपल्या साध्या पट्टीनं ते 1010 भरतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थिजून थंड होताना मीटरमागं साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. दरवेळी गुणाकार कोण करणार? पट्टीच मोठी करून ठेवली.

ही पट्टी दाखवायचं कारण वेगळं. पॅटर्न हातात आला की ड्रॉइंग चोरायला लागतच नाही. या पट्टीनं मापं घेतली की कुणाचंही कास्टिंग उतरवता येतं. पॅटर्नचे पैसे भरलेले असतात गिऱ्हाइकानं, म्हणून पॅटर्न त्याचा. राहतो मात्र फाउंड्रीच्या मांडवात नाहीतर मामांच्या कपाटात, वर्षानुवर्षं.

एक पार्टी आली होती म्हणे. 'मामा, तसलंच एक आम्हाला करून द्या की.'

मामा म्हणाले, 'ड्रॉइंग आणा, करतो.'

'ड्रॉइंग कशाला? ते बघून करा की, हाय की कपाटात.'

'आणि उद्या तुमचं बघून तिसऱ्याचं करू काय?'

पार्टी चहा पिऊन गेली. दोन महिन्यांनी स्वतःचं ड्रॉइंग घेऊन परत आली. एवढ्या उघडपणे नाही म्हणणाऱ्याकडं आपला माल सुरक्षित राहील, हा हिशोब त्यांनीही केला असणार.

गुपित फक्त मापांचं नसतं. कुणाचा माल चाललाय, महिन्याला किती नग, काय रेट, किती रिजेक्शन, हेही त्यातच येतं. ही माहिती कुणी चोरायला येत नाही. ती सांडते. थर्ड गेटच्या चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. 'हे माप नीट दिसेना, कुणी सांगा रे,' म्हणून टाकलेला फोटो पन्नास जणांच्या फोनमध्ये जातो आणि खाली आठ अंगठे येतात. त्यातलं कुणी चोर नव्हे. कागदाची गतही तीच. जुनी ड्रॉइंग रद्दीत विकणारी ऑफिसं अजून आहेत. मला एकदा मिरची भजी ज्या कागदात मिळाली, त्यावर एका फ्लँजचा, म्हणजे पाइप जोडायच्या कड्याचा, अर्धा छेद होता, माप किती कमी-जास्त चालेल त्या आकड्यांसह. भजी गरम होती, म्हणून आधी ती खाल्ली.

[वेंगुर्ला रस्ता. राज्याच्या हद्दीची पाटी.]

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्यानं निघालात तर थोड्याच वेळात राज्य बदलतं आणि शिनोळी येते. जिल्हा कोल्हापूर, तालुका चंदगड. तिथंही औद्योगिक वसाहत आहे. आज उद्यमबागेत असलेला माणूस उद्या शिनोळीत लागतो. घर तेच, डबा तोच, फक्त बसची दिशा बदलते. जुना मालक चिडतो: आमच्याकडं शिकला आणि तिकडं गेला.

जाऊ दे की. भारतीय करार कायदा 1872 सालचा, त्याचं कलम 27 सांगतं की एखाद्याला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरी सोडल्यावर 'दोन वर्षं दुसरीकडं जायचं नाही' असं लिहून घेतलेलं सहसा कोर्टात टिकत नाही. पण पेनड्राइव्हवर ड्रॉइंग घेऊन जाणं ही दुसरी गोष्ट. हाताला लागलेलं वळण त्याचं; भट्टी कधी तयार झाली हे ज्वाळेच्या रंगावरून ओळखणारा डोळा त्याचा; गिऱ्हाइकाची फाइल त्याची नाही. आपल्याकडं व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नसल्यानं सगळं करारावर, कॉपीराइटवर आणि विश्वासावर चालतं. उद्यमबागेत यांतलं कुठलं किती वापरलं जातं, हे त्या खिळ्याकडं बघून समजतं.

[खोली. दोन हात, मध्ये स्टीलचा पेला.]

आता ते वाक्य.

ही गोष्ट कॅमेरा बंद असताना ऐकलेली. सांगणारा क्वालिटीत, म्हणजे माल तपासणीत, होता. कंपनी कुठली हे आम्ही विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडीची एक लॉट. मशिनिंगनंतर काही नगांवर ब्लोहोल उघडे पडले. ओतताना अडकलेल्या गॅसची भोकं, कुठं तांदळाएवढी, कुठं मोहरीएवढी. माल दुसऱ्या दिवशी जायचा होता. रात्री भोकांत पुट्टी भरली गेली, वर रंग मारला गेला. टेस्ट सर्टिफिकेटवर आकडे आधीच्या हीटचे, म्हणजे आधी वितळवलेल्या घाण्याचे. वरिष्ठानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आपल्या घरातलं आहे. बाहेर बोलायचं नाही."

शब्द तेच. शेडमधल्या पोराचे.

इथं थोडं थांबू या, कारण भोकाचा आकार फसवा आहे. कारच्या टायरमध्ये साधारण 2 बार दाब असतो. हायड्रॉलिक यंत्रणेत 200 बार ही रोजची गोष्ट. त्या दाबानं सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. वरून दिसतो एक ठिपका. आत बोट सडायला लागतं, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर कापावं लागतं. असा व्हॉल्व्ह लागलेल्या प्रेसवर उभा असणारा माणूस ना या कंपनीला ठाऊक, ना तिच्या गिऱ्हाइकाला. ड्रॉइंगला मालक असतो, रेटला मालक असतो. त्या भोकाचा मालक कोण?

"मी सही केलो नाही बघा," तो म्हणाला. "दुसऱ्यानं केली."

मग?

"मग मी सोडलो. शिनोळीला लागलो."

गिऱ्हाइकाला सांगितलं?

पेला फिरवत राहिला. "करारावर सही हाय ना माझी."

तो करार त्याला गप्प बसवू शकत नव्हता, असं माझं मत आहे. त्याच 1872 च्या कायद्याचं कलम 23 बेकायदेशीर किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध असलेल्या उद्देशाचा करार मानत नाही. 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' ही संस्था 1920 सालची, 1935 ची शाही सनद असलेली. तिची आचारसंहिता आहे, पण ती सभासदांपुरती. वकिलांसाठी 1961 चा कायदा आहे, आर्किटेक्टसाठी 1972 चा. इंजिनिअरची नोंदणी करणारा आणि चुकल्यास सनद काढून घेणारा देशपातळीवरचा तसा कायदा नाही. सही न करणाऱ्या पोरामागं उभं राहायला कुणी नव्हतं, हे मात्र खरं. मच्छ्याच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा पेपर त्यानं दिला होता, राज्यघटना आणि व्यावसायिक नीतिमत्ता एकत्र. "पर्याय निवडायचे होते, सर. पास झालो."

[न्यूयॉर्कच्या इमारतीचं रेखाचित्र.]

गप्प बसून निस्तरणारेही झालेत. न्यूयॉर्कच्या 59 मजली सिटीकॉर्प इमारतीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लेमेझरिए याला 1978 मध्ये, इमारत वापरात आल्यावर, कळलं की सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टनं जोडलेत आणि तिरप्या वादळी वाऱ्याला ते कमी पडतील. त्यानं स्वतः जाऊन मालकाला सांगितलं. रात्री-रात्री वेल्डिंग करून सांधे मजबूत केले गेले. खाली राहणाऱ्या, रोज तिथं कामाला येणाऱ्या लोकांना खरा धोका सांगितला नाही. बाहेर बातमी फुटली ती 1995 मध्ये. बरेच जण त्याला आदर्श मानतात. चूक कबूल केली, हे मोठंच. पण वादळाचे महिने चालू असताना खालच्या बिऱ्हाडांना न विचारता त्यांच्या वतीनं धोका पत्करला, हे माझ्या गळी उतरत नाही.

[महामार्ग, रात्र.]

आणि एक गुपित असंही, जे खरोखर राखायला हवं होतं. सत्येंद्र दुबे. आयआयटी कानपूरचा सिव्हिल इंजिनिअर, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात नोकरी. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल 2002 च्या नोव्हेंबरात त्यानं पंतप्रधानांना पत्र लिहिलं आणि विनंती केली: माझं नाव गुप्त ठेवा. पत्र नावासकट एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयामध्ये त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर, 2004 मध्ये, नाव गुप्त ठेवून केंद्रीय दक्षता आयोगाकडं तक्रार करायची सोय सरकारनं केली.

शिनोळीच्या त्या मुलानं दुबेचं नाव ऐकलेलं नव्हतं. मी सांगितलं, आणि लगेच वाटलं, नको होतं सांगायला. आता तो गिऱ्हाइकाला कशाला फोन करेल?

निघताना त्यानंच विचारलं, "नाव नाही ना टाकणार?" नाही म्हटलं. हातांचे शॉट दाखवले, तेव्हा म्हणाला, अंगठीवाला काढा. काढला.

[पॅटर्न शॉप. संध्याकाळ.]

शेवटच्या दिवशी मामांचं कपाट उघडं होतं. पिवळ्या, लाल, काळ्या रंगांतले पॅटर्न, काहींवर जाळी. खालच्या फळीवर एक मोठा, पाच तुकड्यांचा. त्याची कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली, मालक गेले, मुलं परगावी, शेडची जागा विकली गेली. आमच्या कॅमेरामननं विचारलं, हा तर घेऊ शकतो ना, मामा? याचं आता कोण विचारणार?

मामांनी पाचही तुकडे एकेक करून उचलले, भुसा फुंकला आणि भिंतीकडं तोंड करून परत ठेवले.

"आता घ्या," म्हणाले.

[पॅटर्नची पाठ. कोरं लाकूड.]