कौल कुणालाच नाही: ब्रिटनमधले पाच दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या माणसाला तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येतं, हे सांगितलं की आपल्याकडचे लोक आधी विश्वासच ठेवत नाहीत. पण कायदा तसाच आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक तिथं रीतसर राहत असेल आणि मतदारयादीत त्यानं नाव घातलं असेल, तर खासदार निवडायचा हक्क त्याला मिळतो. त्यामुळं 6 मे 2010 च्या गुरुवारी, नोकरीनिमित्त लंडनला असलेली आमच्यासारखी मराठी माणसंही ऑफिसला जाता जाता मत देऊन गेली. चर्चचा हॉल, दोन टेबलं, यादीवर पट्टी धरून नावं खोडणाऱ्या दोन वयस्कर बाया. ओळखपत्र त्या काळी कुणी मागत नसे. बोटाला शाई नाही. लाकडी आडोशात सुतळीनं बांधलेली एक बोथट पेन्सिल, तिनं कागदावर फुली मारायची. सरकार बदलण्याचं काम हे लोक पेन्सिलीवर सोपवतात, याची मला तेव्हा मोठी मौज वाटली होती.

आज बोलायचंय ते त्या निवडणुकीनंतरच्या पाच दिवसांबद्दल. निकाल लागला आणि कुणालाच बहुमत नाही. 650 जागांच्या सभागृहात बहुमताला 326 लागतात. डेव्हिड कॅमेरॉन यांच्या हुजूर पक्षाला मिळाल्या 306, पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या मजूर पक्षाला 258, आणि निक क्लेग यांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला 57. असा त्रिशंकू निकाल त्या देशात 1974 च्या फेब्रुवारीनंतर लागलाच नव्हता. म्हणजे छत्तीस वर्षांत एक अख्खी पिढी मोठी झाली होती, जिनं सकाळी निकाल आणि दुपारी नवा पंतप्रधान यापलीकडं काही पाहिलंच नव्हतं. अशा लोकांनी काय केलं? ते चिडले, घाबरले, की खांदे उडवून कामाला लागले?

आधी त्या रात्रीबद्दल सांगतो. बरोबर दहाला मतदान संपलं आणि टीव्हीवर एक्झिट पोल आला: हुजूर 307, मजूर 255, लिबरल डेमोक्रॅट 59. या शेवटच्या आकड्यावर कुणीच विश्वास ठेवेना. कारण तीन आठवड्यांपूर्वी, 15 एप्रिलला, ब्रिटनच्या इतिहासात पहिल्यांदाच तिन्ही पक्षनेत्यांची टीव्हीवर समोरासमोर चर्चा झाली होती आणि त्या दीड तासात क्लेगसाहेब एकदम देशाचे लाडके झाले होते. काही चाचण्यांत तर त्यांचा पक्ष पहिल्या नंबरावर गेला. आणि आता म्हणे जागा वाढायच्या सोडून कमी होणार! स्टुडिओत बसलेल्या जाणत्यांनीही आकड्यात काहीतरी घोळ आहे असं म्हणून घेतलं. घोळ नव्हता. प्रत्यक्षात 57 आल्या, मागच्या वेळेपेक्षा पाच कमी.

माझ्या मतदारसंघाचं नाव तेव्हा होतं हॅम्पस्टेड अँड किलबर्न. तिथं मजूर पक्षाच्या ग्लेंडा जॅक्सन उभ्या होत्या. अभिनयासाठी दोन ऑस्कर घेतलेल्या या बाई राजकारणात आल्या आणि रमल्या. त्यांना 17,332 मतं, हुजूर उमेदवाराला 17,290. बेचाळीस मतांनी निवडून आल्या. तिसऱ्या नंबरचा लिबरल डेमोक्रॅटही जेमतेम आठशे मतांनी मागं. उत्तर आयर्लंडमध्ये फर्मॅना अँड साउथ टायरोनची जागा तर सिन फेन या आयरिश राष्ट्रवादी पक्षानं चार मतांनी जिंकली, आणि गंमत अशी की राजगादीच्या निष्ठेची शपथ घ्यायची नाही म्हणून सिन फेनचे खासदार सभागृहात जाऊन बसतच नाहीत. चार मतांसाठी जीव टाकायचा आणि जिंकलेली खुर्ची रिकामी ठेवायची!

पण त्या रात्रीचा खरा संताप निकालावर नव्हता. तो होता रांगांवर. शेफील्ड, मँचेस्टर, लंडनमधलं हॅकनी, लुईशम, अशा कितीतरी ठिकाणी संध्याकाळी कामावरून सुटलेले लोक मतदान केंद्राबाहेर उभे राहिले ते उभेच. त्याच दिवशी बऱ्याच भागांत स्थानिक निवडणुकाही होत्या, त्यामुळं एकेकाच्या हातात दोन-दोन मतपत्रिका. एका केंद्राला मतदार नेमून दिलेले भरमसाट, कर्मचारी मोजके. लिव्हरपूलमध्ये एके ठिकाणी मतपत्रिकाच संपल्या. आणि नियम काय, तर दहाच्या ठोक्यानंतर मतपत्रिका द्यायची नाही. तुम्ही आठ वाजल्यापासून उभे असा, दाराच्या आत पाऊल टाकलेलं असो, दहा वाजले की दार बंद. हॅकनीत लोक हटायला तयार होईनात. निवडणूक आयोगानं नंतर चौकशी केली, तेव्हा 27 केंद्रांवर मिळून निदान 1,200 माणसं असं तोंडाशी येऊन परत गेल्याचं निघालं.

हे टीव्हीवर बघताना आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात एकच आलं. अहो, आपल्याकडं वेळ संपली की केंद्राध्यक्ष रांगेत जातो आणि शेपटाकडून चिठ्ठ्या वाटत येतो. सगळ्यात मागच्या माणसाला पहिली चिठ्ठी, म्हणजे नंतर कुणी घुसू नये. चिठ्ठी हातात असली की रात्रीचे नऊ वाजोत, मत मिळतंच. गावाकडच्या झेडपीच्या शाळेत जे सहज होतं, ते वेस्टमिन्स्टरच्या संसदवाल्यांना सुचलं नव्हतं! एरवी आपण साहेबांकडून लोकशाही शिकलो असं म्हणायची सवय. त्या रात्री एक धडा उलटा गेला असता तर बरं झालं असतं. शेफील्डमध्ये ज्या केंद्रावर ही वेळ आली, तिथं रांगेत विद्यापीठाची पोरं बरीच होती. आणि मतदारसंघ कुणाचा? हॅलम. खुद्द निक क्लेग यांचा. हे नाव लक्षात ठेवा.

शुक्रवार उजाडला. वर्तमानपत्रांनी आभाळ कोसळल्यासारखं मांडलं. त्याच आठवड्यात ग्रीसमध्ये कर्जाचं संकट पेटलं होतं, अथेन्समध्ये दंगलीत माणसं मेली होती, त्यामुळं 'सरकार नाही, म्हणजे आता आपलंही ग्रीस होणार' असं भविष्य सांगायला अर्थपंडितांना जोर चढला. शेअर बाजार घसरला, पाउंड घसरला. 'द सन' या वर्तमानपत्रानं तर पंतप्रधानांना परक्याच्या घरात ठाण मांडून बसलेला घुसखोर ठरवून पहिल्या पानावर छापलं. यात अन्याय होता. दुसरा कोण सरकार चालवू शकेल हे ठरेपर्यंत आधीच्या पंतप्रधानानं जागा सोडायची नाही, ही तिथली रीत आहे. राजाला किंवा राणीला एक दिवसही पंतप्रधानाविना ठेवायचं नसतं. 1974 ला तेव्हाचे पंतप्रधान एडवर्ड हीथही असेच शनिवार-रविवार थांबले होते. पण ही रीत शाळेत कुणी शिकवत नाही, आणि लिखित राज्यघटना नसल्यानं पुस्तक काढून दाखवायचीही सोय नाही. त्यामुळं 'हरला तरी हलत नाही' ही ओरड बऱ्याच जणांना पटली.

आणि रस्त्यावर? रस्त्यावर काहीही झालं नाही. बसगाड्या वेळेवर, म्हणजे लंडनच्या हिशेबानं वेळेवर, दवाखाने चालू, पोस्टमन येतोय. ऑफिसात चहाच्या वेळी दहा मिनिटं चर्चा, मग हवामान. आमच्या मराठी मंडळींना तर या सगळ्याचं हसूच येत होतं. 1999 ला महाराष्ट्रात काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढून मग एकत्र येईपर्यंत किती बैठका झाल्या होत्या, ते पाहिलेली माणसं आम्ही. इंग्रज सहकारी गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, आघाडीचं सरकार टिकतं का हो? आम्ही म्हणायचो, खातं कुठलं मिळतंय त्यावर आहे.

शनिवारी मात्र एक वेगळी गोष्ट घडली. जांभळे कपडे, जांभळ्या फिती, जांभळे झेंडे घेतलेली हजारेक माणसं ट्रॅफल्गर चौकात जमली आणि चालत स्मिथ स्क्वेअरला गेली. तिथं एका इमारतीत लिबरल डेमोक्रॅट खासदारांची बैठक चालू होती. मागणी एकच: मतांची पद्धत बदला. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. क्लेग यांच्या पक्षाला देशभरात 23 टक्के मतं पडली होती आणि जागा नऊ टक्केही नाहीत. मजूर पक्षाला सहाच टक्के मतं जास्त, पण जागा साडेचार पट. ज्याला आपल्या मतदारसंघात सगळ्यांत जास्त मतं तो निवडून येणार, बाकीची मतं पाण्यात, या पद्धतीत असंच होतं. घोषणा ऐकून क्लेग बाहेर आले, भोंगा हातात घेऊन बोलले, सह्यांचा गठ्ठा घेतला. टाळ्या पडल्या. सगळ्या वाहिन्यांवर हेच चित्र. त्या दिवशी कुणालाही वाटलं असतं की देश जागा झाला.

इथं मला थांबून एक शंका मांडायची आहे. टीव्हीवर दिसणारी जनता आणि मत देणारी जनता या एकच असतात का? निवडणुकीच्या आठच दिवस आधी रॉचडेल गावात एका पेन्शनर बाईंनी ब्राउन यांना रस्त्यात गाठून स्थलांतरितांबद्दल चार प्रश्न विचारले. गाडीत बसल्यावर ब्राउन त्या बाईंना संकुचित मनाची म्हणाले आणि कॉलरचा माइक चालूच होता. देशभर गहजब. संपले ब्राउन, असं जो तो म्हणाला. देशात त्यांचा पक्ष हरलाच, पण रॉचडेलमध्ये? रॉचडेलनं मजूर पक्षाचाच खासदार निवडून दिला, तोही लिबरल डेमोक्रॅट खासदाराला पाडून. चर्चेतला लाडका नेता, माइकमधला खलनायक, दोन्ही मतपेटीत उलटे निघाले. त्यामुळं त्या पाच दिवसांत 'जनतेचा कौल असा आहे' म्हणून जे जे सांगितलं गेलं, ते सांगणाऱ्याच्या सोयीचं होतं, असं माझं मत. त्रिशंकूला मत द्यायची सोय मतपत्रिकेवर नसते. प्रत्येकानं आपापल्या उमेदवारापुढं फुली मारलेली असते.

पुढचं थोडक्यात. सोमवारी ब्राउन यांनी पक्षनेतेपद सोडण्याची तयारी दाखवली, मजूर आणि लिबरल यांची बोलणी झाली, फिसकटली. मंगळवारी, 11 मेच्या संध्याकाळी, ब्राउन पत्नीचा आणि दोन लहान मुलांचा हात धरून डाउनिंग स्ट्रीटवरच्या पंतप्रधान निवासातून बाहेर पडले. मुलांना त्यांनी तोवर कॅमेऱ्यांपासून कटाक्षानं दूर ठेवलं होतं. तासाभरात कॅमेरॉन पंतप्रधान, क्लेग यांच्या पक्षाशी आघाडी करून. दुसऱ्या दिवशी बागेत कॅमेरॉन आणि क्लेग शेजारी शेजारी उभे राहून असे हसत होते की नवरदेवांनी लाजावं.

लोकांची प्रतिक्रिया संपली असं तेव्हा वाटलं. ती खरी सुरू झाली त्यानंतर. लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी विद्यापीठांची फी वाढू देणार नाही, असं लेखी वचन दिलं होतं. डिसेंबरमध्ये त्याच सरकारनं फीची मर्यादा वर्षाला 9,000 पाउंडांपर्यंत नेली. मे महिन्यात ज्यांच्यासाठी पोरं रांगेत ताटकळली होती, त्यांच्याविरुद्ध ती आता थंडीत रस्त्यावर उतरली. जांभळ्या झेंडेवाल्यांना सार्वमत मिळालं. 5 मे 2011 ला विचारलं गेलं, पसंतीक्रमानं मत देण्याची पद्धत आणायची का? आपल्याकडं पदवीधर मतदारसंघात एक-दोन-तीन असे आकडे घालतो, साधारण त्या धर्तीची. जवळजवळ 68 टक्के लोक म्हणाले, नको. मतमोजणीच्या 440 विभागांपैकी फक्त दहा विभागांत होकार आला, त्यात लंडनमधला आमचा भाग कॅम्डन आणि रांगांवरून पेटलेलं हॅकनी. बाकी देशाला जांभळा रंग पटला नव्हता, किंवा क्लेग पटले नव्हते. विरोधी पत्रकांवर त्यांचाच चेहरा होता.

रांगेतल्या लोकांना मात्र न्याय मिळाला, तोही गाजावाजा न होता. 2013 मध्ये कायदा बदलला. आता दहा वाजता जो रांगेत असेल त्याला मत देता येतं.

2015 ला लिबरल डेमोक्रॅट 57 वरून 8 वर आले. क्लेग तेव्हा कसेबसे वाचले. 8 जून 2017 ला तेव्हाच्या हुजूर पंतप्रधान टेरेसा मे यांनी वेळेआधी घेतलेल्या निवडणुकीत पुन्हा त्रिशंकू निकाल लागला, आणि त्याच रात्री शेफील्ड हॅलमनं क्लेग यांना घरी बसवलं. बहुमतासाठी मे यांना उत्तर आयर्लंडच्या दहा खासदारांकडं जावं लागलं, त्या प्रांताला शंभर कोटी पाउंड जास्त द्यावे लागले. लिबरल डेमोक्रॅटांकडं त्यांनी विचारायचा प्रश्नच नव्हता. त्या पक्षानं प्रचार चालू असतानाच जाहीर करून टाकलं होतं, आघाडी कुणाशीही नाही.

नमस्कार.