बेडकाला गप्प करा

मित्रहो, विज्ञानाच्या तासाला डिजिटल चित्रपुस्तक कसं वापरायचं, हा आजचा विषय. तिकडे येतोच, पण आधी एका पानाबद्दल बोलू द्या.

बी रुजण्याचं पान. मातीत बी, वर सूर्य, कडेला बेडूक. बेडकावर बोट टेकवलं की डराव, सूर्यावर टेकवलं की तो हसतो, ढग तर चक्क शिंकतो. बियेवर टेकवा, काही म्हणता काही होत नाही! मग मुलं बेडकालाच धरून बसतात, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? नंतर विचारा, काय पाहिलंत रे? सगळा वर्ग एका सुरात सांगतो, डराव! हलतं तिकडे डोळा जातोच. म्हणून पानावर जे शिकवायचं तेवढंच हलू दे. बेडूक राहू दे, फक्त त्याचा आवाज काढून टाका.

आणि पान उलटलं की एकदम दोन हिरवी पानं. मूळ कुठे गेलं? बी फुगते, साल फाटते, आणि आधी मूळ बाहेर येतं. बी उलटी ठेवली तरी ते वळून खालीच जातं. ही सगळी गंमत पुस्तकाच्या दोन पानांच्या मध्ये हरवते. शिवाय एकाच चित्रावर सगळ्या बिया भागवतात. राजम्याची बीजपत्रं, म्हणजे बियेतल्या दोन जाड डाळी, कोंबाबरोबर मातीवर येतात, वाटाण्याची मातीतच राहतात. वाटाणा पेरलेलं मूल चित्राप्रमाणे ती वर यायची वाट बघतं आणि आपलं रोप बिघडलं म्हणून खट्टू होतं. हे मला फार लागतं.

पाचच मिनिटं उरली आहेत अशी चिठ्ठी आली, तेव्हा भराभर सांगतो. पुस्तक वर्गातच करा. राजमा आणि वाटाणा आठ-दहा तास भिजवा. पारदर्शक ग्लासात कडेने टिपकागद, मध्ये कापूस, आणि बिया काच नि कागद यांच्यामध्ये, म्हणजे मूळ दिसतं. तळाशी बोटभर पाणी. बी बुडाली तर तिला हवा मिळत नाही, ती कुजते. फोन एकाच जागी टेकवून रोज ठरल्या वेळी फोटो घ्या, ग्लासाशेजारी मोजपट्टी उभी हवी. फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर फोटो रोज वेगळा उजळतो आणि मुलांना वाटतं बीच रंग बदलतेय.

प्रत्येक पानावर एक फोटो, एक वाक्य, तेही मुलांनी सांगितलेलं. दोन फोटोंनंतर एक कोरं पान, त्यावर प्रश्न: उद्या काय दिसेल? मुलं आधी चित्र काढतील, मगच पुढचा फोटो उघडायचा. आपोआप पळणारा व्हिडिओ नको, मुलांना बोटाने मागेपुढे जाता आलं पाहिजे. वाचून दाखवणारा आवाज पहिल्या खेपेला बंद. चौघांत एक टॅब पुरतो, बोट लावायच्या पाळ्या ठरवा, आणि ग्लास टॅबच्या शेजारीच ठेवा. एखाद्या बियेला बुरशी आली, तर तोही फोटो पुस्तकात घ्या आणि ती कशामुळे आली असेल ते मुलांकडूनच खाली लिहून घ्या.