काचेवरचा डबा की खिशातला मोबाईल

नमस्कार मंडळी. आजचा विषय गाडीतला आहे आणि तो माझ्याकडे आला आमच्या दाजींमुळे. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे मिस्टर, पुण्यात वारज्याला राहतात. त्यांनी मध्यंतरी सेकंड हँड गाडी घेतली आणि त्या गाडीच्या पुढच्या काचेला सक्शनने चिकटवलेला एक काळा डबा होता, तळहाताएवढा, जीपीएस नेव्हिगेटर. आधीचा मालक म्हणाला असू द्या हो, तुम्हाला होईल. झालं, दाजींचा मला फोन, "काय गं, हा डबा ठेवू की फेकू? नेट लागत नाही म्हणतात याला. मोबाईलपेक्षा बरा का?" मी म्हटलं दाजी, असं फोनवर सांगून काय कळणार, रविवारी श्रीवर्धनला निघालोच आहोत ना, दोन्ही लावू काचेला आणि बघू कोण पोचवतंय ते.

रविवारी पहाटे गाडी पार्किंगमधून बाहेर काढली आणि डबा चालू केला, तर तो आपला सॅटेलाईट शोधतोय. मोबाईलने तोवर निळा ठिपका दाखवून, रस्ता काढून, पोचायची वेळपण सांगून टाकली होती. ताई वर जाऊन थर्मास विसरला होता तो घेऊन आली तरी डब्याचं शोधणं चालूच. दाजी म्हणाले बिघडलाय. बिघडला नव्हता.

आता हे जरा समजून घ्या, कारण इथेच बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. जीपीएस म्हणजे रेडिओच आहे. तुम्ही आत्ता मला ऐकताय, पण तुम्ही स्वयंपाकघरात आहात की शेतावर हे मला कुठे माहितीये? तसंच त्या सॅटेलाईटला तुमचा पत्ता बित्ता काही माहीत नसतो. ते वीस हजार किलोमीटर वरून फक्त बोलत राहतात, मी इथे आहे, आत्ता इतके वाजलेत, मी इथे आहे, आत्ता इतके वाजलेत. खालचं मशीन निदान चार सॅटेलाईटचं ऐकतं आणि कुणाचा आवाज किती उशिरा आला यावरून आपण कुठे उभे आहोत त्याचा हिशोब लावतं. याला नेट लागत नाही, सिमही लागत नाही. डब्याला लागत नाही तसंच मोबाईललाही लागत नाही, मोबाईल फ्लाईट मोडवर टाकून गच्चीत जा, ठिपका येतो की नाही बघा.

मग मोबाईलला इतक्या पटकन कसं जमलं? तर त्याने कॉपी केली. सॅटेलाईटचं बोलणं फार म्हणजे फारच सावकाश असतं, सेकंदाला ५० बिट. एका सॅटेलाईटची आत्ताची नेमकी जागा ऐकून घ्यायलाच अर्धा मिनिट जातो, आणि सगळ्या सॅटेलाईटचं वेळापत्रक एकदा पूर्ण ऐकायचं तर साडेबारा मिनिटं. महिनोन् महिने बंद पडलेल्या डब्याला हे सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं. मोबाईल तीच माहिती टॉवरकडून दोन सेकंदात मागवून घेतो. तर दाजींचा डबा बिघडलेला नव्हता, तो प्रामाणिकपणे अभ्यास करत होता.

पण सॅटेलाईट तुम्हाला फक्त तुम्ही कुठे आहात एवढंच सांगतात, रस्ता कुठे जातो हे त्यांच्या गावीही नाही. रस्ता नकाशा सांगतो. आणि दोन्हीतला सगळा फरक या नकाशात आहे, तो कुठे ठेवलाय आणि किती जुना आहे. डब्याचा नकाशा डब्याच्या पोटात, मोबाईलचा लांब कुठल्यातरी सर्व्हरवर, लागेल तसा तुकड्यातुकड्याने येतो. बाकी स्क्रीन केवढी, आवाज कुणाचा, ते सगळं नंतरचं.

हे आम्हाला घरापासून पाच-सात मिनिटांवर कळलं. चांदणी चौक. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोट करून पाडला, आठवत असेल सगळ्यांना, रात्री टीव्हीला डोळे लावून बसले होते लोक, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन पूल आणि रॅम्पचं ते जंजाळ सुरू झालं. डब्यातला नकाशा त्याच्या आधीचा. त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नाही. डब्यातली बाई एकदम ठाम आवाजात वळा म्हणतेय आणि वळायच्या जागी कठडा, स्क्रीनवर आमचा बाण रस्ता सोडून मोकळ्यातून चाललाय. दाजी म्हणाले, "आपण उडतोय का काय?" मोबाईलने बरोबर काढलं, पण अडखळला तोही. एकावर एक रस्ते असले की तुम्ही वरच्यावर आहात की खालच्यावर हे जीपीएसला नीट कळत नाही, कारण उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा जास्त असते. आता गूगल मॅप्स आपल्याकडे २०२४ पासून फ्लायओव्हर घ्या, घेऊ नका असं आधी सांगायला लागलंय, बऱ्याच शहरांत, त्याने पुष्कळ फरक पडला. तरी चांदणी चौकात पहिल्यांदा जाणाऱ्याने माझ्याकडून एकच ऐका, पाटी वाचा.

आणि हे चांदणी चौकापुरतं नाही बरं का. समजा कुणाकडे २०२० च्या नकाशाचा डबा असेल आणि तो घेऊन ते समृद्धीवर चढले, तर मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर तो बाण शेतातूनच जाणार, आणि ती बाई दर दोन मिनिटांनी यू टर्न घ्या म्हणत राहणार. डब्याचा नकाशा अपडेट करता येतो, नाही असं नाही, पण त्यासाठी तो घरी आणायचा, कॉम्प्युटरला जोडायचा, कधी पैसे भरायचे, आणि मॉडेल जुनं असेल तर अपडेटच मिळत नाही. कोण करतं एवढं? आधीच्या मालकाने केलं असतं तर तो सोडून कशाला गेला असता.

एक काळ या डब्यांचा होता हे मात्र मान्य करायला पाहिजे. मे २००० मध्ये अमेरिकेने सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि मग गाडीतलं जीपीएस खऱ्या अर्थाने उपयोगाचं झालं. गार्मिन, टॉमटॉम ही नावं तेव्हाची. आपल्याकडे मॅपमायइंडियाची मंडळी तर १९९५ पासून डिजिटल नकाशे बनवत होती, तेव्हा मोबाईलवर बोलायला मिनिटाला किती पैसे लागायचे ते आठवा. मग ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने अमेरिकेत फोनवर वळणावळणाला बोलणारं नेव्हिगेशन फुकट देणार म्हणून जाहीर केलं आणि त्याच दिवशी गार्मिन आणि टॉमटॉम दोघांचेही शेअर धाडकन आपटले. जी गोष्ट ते विकत होते ती कुणीतरी फुकट वाटायला लागलं, काय करणार.

आणि फुकट म्हणजे तरी काय, आपण सगळे मिळून त्याची मजुरी करतो. नवले पुलावर जाम लागलाय हे मोबाईलला कळतं ते तिथे अडकलेल्या शेकडो मोबाईलमुळे, ते आपला वेग आणि जागा कळवत असतात. २०२० मध्ये बर्लिनमधल्या एका कलाकाराने हातगाडीत ९९ मोबाईल भरले आणि रिकाम्या रस्त्यावरून ती गाडी चालत चालत ओढली, तर नकाशावर तो रस्ता लालभडक. गंमत सोडा, पण सुटीच्या दिवशी संध्याकाळी पुण्यात परत शिरताना हे लाल-पिवळं-हिरवं ज्याच्याकडे नाही त्याने काय करायचं? डब्याकडे हे नाही. माझ्या मते रोज शहरात गाडी चालवणाऱ्याला एवढं एक कारण पुरे आहे.

आता ताम्हिणी. पिरंगुट गेलं, मुळशी गेलं, आणि घाटाच्या आसपास मोबाईलची रेंज गेली. मी ऑफलाईन मॅप मुद्दाम डाउनलोड केला नव्हता, परीक्षा घ्यायची होती ना. खरं सांगायचं तर विसरले होते. तरी मोबाईल बराच वेळ नीट चालला, कारण निघताना काढलेला रस्ता त्याच्या पोटात असतो, तुम्ही त्या रस्त्यावर आहात तोवर त्याला नेटची गरज नाही. पंचाईत होते रस्ता सोडला की. विळ्याच्या फाट्यावर आम्हाला निजामपूर-माणगावकडे जायचं होतं आणि दाजी, ताईच्या डब्यातला थालीपीठाचा तुकडा तोंडात घालता घालता, कोलाडकडे वळले. मोबाईल गप्प. नुसतं गोल गोल फिरतंय. आणि काचेवरचा तो म्हातारा डबा, चांदणी चौकात ज्याची आम्ही एवढी टिंगल केली, तो तीन-चार सेकंदात म्हणाला असू दे, आता कोलाडवरून हायवेला लागा, इंदापूरवरून माणगावला या. घाटाखालचे ते रस्ते जुनेच आहेत, त्याच्या नकाशात होते. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

परत येताना श्रीवर्धनला हॉटेलच्या वायफायवर मी मॅप उतरवून घेतला. त्याने डब्याची ही एकुलती एक बढाईसुद्धा संपली, कारण मग मोबाईलचा नकाशाही पोटातच आला. फक्त ऑफलाईन असताना ट्रॅफिक दिसत नाही, आणि उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, मधूनमधून अपडेट करावा लागतो. घरी वायफायवर असतानाच करून टाका, घाटात आठवून उपयोग नाही.

मोबाईलचे त्रास वेगळे. म्हसळ्याच्या अलीकडे दाजींच्या ऑफिसमधून फोन आला आणि नेमकं वळण त्या फोनच्या मागे गेलं. दुपारी काचेवर ऊन आलं तसा मोबाईल तापून त्याची स्क्रीन मंद झाली, चार्जिंगही थांबलं. ॲपल स्वतःच सांगते की आयफोन शून्य ते ३५ डिग्रीत वापरा. आता ३५ डिग्री म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यातली सकाळ झाली हो! म्हणून होल्डर काचेला लावण्यापेक्षा एसीच्या जाळीला लावा, तापत नाही. आणि होल्डर लावाच, हातात धरू नका, मांडीवर ठेवून खाली बघत तर अजिबात नको. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात गाडी चालवताना मोबाईल फक्त रस्ता बघायला चालतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर प्रश्नच मिटला, मोबाईल खिशात आणि नकाशा गाडीच्या मोठ्या स्क्रीनवर.

कंपनीचंच नेव्हिगेशन असलेल्या गाड्या असतात, त्यांचं एक बरं, बोगद्यात आकाश दिसेनासं झालं तरी त्यातल्या काही गाड्या चाकाच्या वेगावरून अंदाज बांधत बाण पुढे नेतात. नकाशा जुना होण्याचं दुखणं तिथेही तेच.

मग नवीन डबा कुणी घ्यावा? लडाख-स्पितीला आठ-आठ दिवस जाणाऱ्यांनी विचार करावा. लडाखला तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमच चालत नाही, पोस्टपेड लागतं. पण त्यांनाही मी आधी म्हणेन की घरातला जुना मोबाईल काढा, त्यात सिम नको, नकाशे भरा आणि तोच काचेला लावा. झाला तुमचा डबा, पैसे शून्य.

एक गोष्ट दोघांनाही येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेली पुण्याची एक गाडी अकोले तालुक्यात रात्री मोबाईलच्या नकाशाप्रमाणे जाता जाता थेट धरणाच्या पाण्यात गेली. नकाशावर पूल होता, पण प्रत्यक्षात तो पाण्याखाली होता, हे आसपासच्या गावात सगळ्यांना माहीत. दोघे पोहून बाहेर आले, एकजण गेला. म्हणून वरंध्यासारखा पावसाळ्यात बंद ठेवला जाणारा घाट असेल, किंवा रात्री अनोळखी आडरस्ता असेल, तर टपरीवर गाडी थांबवते मी आणि विचारते. दाजींना आवडत नाही विचारायला, पुरुष माणूस.

तर दाजींनी काय केलं? मोबाईलसाठी एसीच्या जाळीचा होल्डर घेतला आणि डबापण ठेवलाय काचेला. कशाला, तर म्हणे तो वेग खरा दाखवतो. गाडीचा काटा १०० वर असतो तेव्हा डबा ९५-९६ म्हणतो, आणि यात तथ्य आहे, गाड्यांचे काटे जरा वाढवूनच दाखवतात. एक्सप्रेसवेवर कॅमेरे लागल्यापासून दाजींची नजर त्या आकड्यावर. मी म्हटलं अहो मोबाईलवरही दिसतो की वेग, त्याच स्क्रीनवर, खाली कोपऱ्यात. ताई मागून म्हणाली, "राहू दे गं, निदान त्या बाईचं तरी ऐकतात." येते मंडळी, नमस्कार.