वडिलांचा रकाना

नमस्कार श्रोतेहो. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कित्येक घरांत तिथल्या सुना आल्या, जावई आले. त्यांची नातवंडं आता दोन्हीकडची घराणी शोधू लागली आहेत. तिकडच्या बाजूचा शोध सुरू झाला की लवकरच हातात येतो तो लग्नाचा दाखला. आज त्यातल्या एकाच रकान्याविषयी बोलतो. वडिलांच्या.

1 जुलै 1837 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नाच्या नोंदीत वधूवरांच्या वडिलांचं नाव आणि धंदा लिहू लागले. त्यामुळे एकदम एक पिढी मागे जाता येतं. पण ती माहिती वधूवरांनी तोंडी सांगितलेली असे. पुरावा कोणी मागत नसे.

आपल्या पत्रिकेत वडील वारले असतील तर नावाआधी ‘कै.’ चुकत नाही. तिथे ‘मयत’ लिहिलेलं नाही, म्हणून वडील हयात होते असं धरू नका. पुष्कळदा ते लिहायचं राहून जाई. धंदाही थोडा वाढवून सांगत.

रकान्यात नुसती रेघ असेल, तर बहुधा मूल लग्नाबाहेरचं. पण चारचौघांत, सासरच्या माणसांसमोर ती रेघ ओढून घेणं सगळ्यांनाच सोसत नसे. मग तिथे दुसऱ्याच कुणाचं नाव येई.

समजा, दाखला 1863चा आहे. नवरा मुलगा 22 वर्षांचा, वडील गवंडी, आडनाव एकच. सगळं जुळतंय. आता 1851ची जनगणना उघडा. त्याच नावाचा गवंडी भेटतो, वय 63. बायको 61ची. घरात 10 वर्षांचा मुलगा, आणि नात्याच्या रकान्यात शब्द आहे ‘नातू’. म्हणजे दाखल्यावरचे वडील हे बहुधा आईचे वडील! याला खोटेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्यानं वाढवलं, त्याचं नाव त्या पोरानं सांगितलं. सावत्र वडिलांचं नावही असंच येतं. अशा वेळी बाप्तिस्म्याची नोंद काढावी. तिथे बहुधा एकट्या आईचं नाव असतं.

दाखल्यावर मात्र आईला जागाच नव्हती. स्कॉटलंडनं 1855 पासून तिचं नाव माहेरच्या आडनावासकट लिहून घेतलं. इंग्लंड-वेल्सच्या नोंदीत ते यायला 4 मे 2021 उजाडला.

म्हणून जुन्या दाखल्यावर खालचे साक्षीदार नीट वाचा. आईचं पुढे लग्न झाल्यामुळे आडनाव बदललेलं असतं, पण कधीकधी तिथे सहीऐवजी फुली मारणारी बाई नवऱ्या मुलाची आईच निघते.