नाव तेच, विषाणू वेगळा

[पडद्यावर: पुणे, ऑगस्ट 2009]

स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू 3 ऑगस्टला पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. फ्लूची लस तेव्हाही बाजारात होती. तिच्यात एच1एन1, म्हणजे स्वाइन फ्लूच्या विषाणूच्याच नावाचा प्रकार, होताही. तरी ती या साथीत कामाला आली नाही.

लशीतला एच1एन1 होता 'ब्रिस्बेन 2007': माणसांत वर्षानुवर्षं फिरून बदलत आलेला. 2009चा 'कॅलिफोर्निया' आला डुकरांमधून. दोघांचं आडनाव एक, घराणं वेगळं. विषाणूच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आपल्या पेशीला चिकटतं. लशीमुळे तयार होणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) मुख्यतः या प्रथिनाचा माथा पकडतात. माथ्याची ठेवण बदलली, की पकड सुटते.

[दृश्य: 96 खळग्यांची प्लेट, जवळून]

हे प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसतं. लस घेतलेल्याचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, 1:10, 1:20, 1:40 असं दुपटीनं पातळ करत जायचं. प्रत्येक खळग्यात विषाणू घालायचा, मग टर्कीच्या तांबड्या रक्तपेशी. प्रतिपिंडांनी विषाणू अडवला, तर पेशी तळाशी बसून लाल ठिपका होतो. नाही अडवला, तर पेशींचं जाळं खळगाभर पसरतं. 1:40ला ठिपका दिसला तर संसर्गाचा धोका साधारण निम्मा, असा ढोबळ हिशेब.

अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2009मध्ये साठवलेली सिरम तपासली. नेहमीच्या लशीनंतर नव्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं मुलांत वाढलीच नव्हती, मोठ्यांत जेमतेम वाढली होती. 1950पूर्वी जन्मलेल्या सुमारे एक तृतीयांश लोकांत मात्र ती भरपूर होती. ती लशीची नव्हेत, लहानपणी झालेल्या जुन्या फ्लूची.

शेवटी वेगळी लस करावी लागली. पुण्याच्याच सिरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लस आली 2010च्या जुलैत. पहिली लाट तोवर ओसरली होती.

तो विषाणू आता दरवर्षीचाच झाला आहे आणि 2010पासून नेहमीच्या लशीत असतो. त्यामुळे आजच्या स्वाइन फ्लूला हीच लस चालते. एच5एन1 बर्ड फ्लूला नाही.

मग 2006मध्ये बर्ड फ्लू झालेल्या नवापूरसारख्या ठिकाणी, कोंबड्यांत काम करणाऱ्यांनी ती का घ्यावी? दोन्ही फ्लू एकाच माणसाला एकदम झाले, तर विषाणूंच्या आठ जनुकखंडांची अदलाबदल होऊन माणसांत सहज पसरणारा नवा विषाणू तयार होऊ शकतो. त्यातला एक फ्लू लस बऱ्याच अंशी टाळते. आमच्या मते एवढं कारण पुरेसं आहे.

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, म्हणून लस मे-जूनमध्ये घ्यावी. परिणामाला दोन आठवडे लागतात. पहिल्यांदाच घेणाऱ्या नऊ वर्षांखालच्या मुलांना दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने.

कोंबड्या मरत असलेल्या शेडमध्ये काम केलेल्याला ताप आला, तर 'लस झालीय' म्हणून घरी थांबू नये. डॉक्टरांना पक्ष्यांच्या संपर्काचं आधी सांगावं. ओसेल्टामिविर हे फ्लूविरोधी औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं, त्यामुळे घशाच्या नमुन्याचा अहवाल यायच्या आतच ते द्यायचं असतं.